जिप्सम बोर्ड कापताना कडा तुटतात, कागद फाटतो. सरळ कसा कापावा?

सरळ कापासाठी करवत वापरूच नका. धारदार कटरने पांढऱ्या दर्शनी बाजूचा कागद रेषेवर चिरा, बोर्ड मागच्या बाजूला दुमडून मोडा आणि मग मागचा कागद कापा. बोर्डाची बरीचशी ताकद दोन्ही बाजूंच्या कागदात असते, आतलं जिप्सम ठिसूळ. म्हणून कागद चिरला की नेहमीचा 12.5 मिमीचा बोर्डही त्याच रेषेत मोडतो. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घट्ट दाबून धरा. कटर पहिल्यांदा हलक्या हाताने फिरवा, दुसऱ्यांदा थोडा जोर देऊन. खरं महत्त्व पात्याला आहे: बोथट पातं कागद कापत नाही, ओरबाडतं. त्यामुळे पात्याचं टोक मोडून नवी धार काढायला कंजुषी करू नका. उरलेला खडबडीतपणा ठोकळ्यावर गुंडाळलेल्या सँडपेपरने घासा. माप 2-3 मिमी कमीच घ्या, ठोकून बसवलेल्या बोर्डाच्या कडा हमखास चुरतात.

ही पद्धत आरपार सरळ कापासाठीच. स्विचबॉक्सच्या चौकोनाला टोकदार छोटी करवत लागते. ग्राइंडर मात्र घरात नको, फार बारीक धूळ उडते.