कंसातली शीळ

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीचा, वय ४७, विमा कंपनीत नोकरी. कॉलेजात बेस गिटार वाजवायचो, संसारात सुटली, चार वर्षांपूर्वी पुन्हा हातात घेतली. आम्ही पाच जण दर रविवारी चार ते आठ एमआयडीसीत एका मित्राच्या गाळ्यात जमतो. जुनी हिंदी गाणी, थोडं रॉक. सोसायटीचा गणपती, कुणाची पन्नाशी, असे कार्यक्रम करतो. आठवडाभर मी त्या चार तासांवर जगतो.

पण गेलं वर्षभर मजा गेली आहे. लीड गिटार वाजवणारा मित्र सगळ्यांसमोर म्हणतो, ‘तुझा आवाज फार होतोय, कमी कर.’ मला तर माझाच आवाज ऐकू येत नाही! मी वाढवला की तोही वाढवतो. मागच्या रविवारी मी मधेच गिटार गुंडाळून निघून आलो. घरी बायकोचं निराळंच. ‘तू माझं ऐकतच नाहीस, डोकं सगळं त्या बँडमध्ये.’ परवा तिने माझ्या आईला सातला दवाखान्यात न्यायचं म्हणून सांगितलं, मी आठ समजलो, त्यावरून दोन दिवस अबोला. (प्रॅक्टिसहून येताना तिचा फोन आला तर डाव्या कानाला लावतो, उजव्यात शीळ वाजत असते. सोमवारी दुपारपर्यंत जाते.)

सध्या गिटारचा आवाज मोठा करणारा शंभर वॅटचा अ‍ॅम्प आहे, तीनशेचा बघून ठेवलाय. तो घेऊ, की बँडच सोडू? आणि बायकोला कसं समजावू?

— एक बेसवाला

*

अहो, तुमच्या पत्रात मित्राला अर्धा परिच्छेद मिळाला, बायकोला त्याच्या खालोखाल, आणि तुमच्या उजव्या कानाला एक कंस!

रविवारी रात्री आठला तुम्ही सुटता. सोमवारी दुपारपर्यंत कान वाजत राहतो. म्हणजे सोळा-सतरा तास, तेही दर आठवड्याला. आणि त्यावर तुम्ही उपाय काय केलात, तर फोन दुसऱ्या कानाला लावलात. वाचून माझा जीव कळवळला, आणि रागही आला. गुडघा दर रविवारी सुजून सोमवारी उतरला असता तर तुम्ही एव्हाना तीन डॉक्टर पालथे घातले असते. कान दुखत नाही म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

मित्र उद्धट आहे का, बायको अन्याय करते आहे का, याचा निवाडा मी आज करणार नाही. दोघंही तुम्हाला एकच गोष्ट सांगताहेत: तुमचं ऐकणं बिघडलं आहे. त्यांना ते तसं कळलेलं नाही, म्हणून ते चिडून बोलतात. तुमच्या बायकोनेही वर्षभर राग धरण्याऐवजी एकदा ‘कान दाखवून ये’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं. हा मजकूर त्यांनाही वाचायला द्या.

आता गाळ्यात काय होतं ते बघू. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या हिशोबाने ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काढता येतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद जागेत ड्रमसेटसकट बँड वाजायला लागला की आवाज शंभराच्या घरात सहज जातो. तुम्ही तिथे चार तास असता. एमआयडीसीतला गाळा म्हणजे बहुतेक उघड्याबोडक्या भिंती आणि डोक्यावर पत्रा, आवाजाला मुरायला जागाच नाही.

उजवाच कान का, याचाही मला अंदाज आहे. बेसवाल्याची ठरलेली जागा ड्रमरच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या बाजूला असते, त्याचा हात आणि पाय दिसावा म्हणून. तिथे समोर तोंड करून उभं राहिलं की त्या झांजा बरोबर उजव्या कानाशी येतात. पण हा माझा अंदाजच. एकाच कानात शीळ वाजत असेल तर डॉक्टर इतरही कारणं तपासून बघतात, म्हणून नुसती यंत्रावर चाचणी करून घरी येऊन चालणार नाही.

कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी. आवाज मेंदूपर्यंत पोचवायचं काम त्यांचं. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात. तेव्हा कान बधिर होतो, शीळ वाजते, मग हळूहळू सावरतो. हेच पुन्हा पुन्हा होत राहिलं की त्यातल्या काही मरतात, आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. ‘सोमवारी दुपारपर्यंत जाते’ हा तुमचा दिलासाही पुरेसा नाही. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झालेली दिसली तरी केसपेशींना नसेशी जोडणारे कितीतरी सांधे कायमचे तुटलेले असतात. चाचणीत सगळं ठीक दिसतं, आणि गलक्यात माणसाचं बोलणं मात्र उमगेनासं होतं.

आवाजाने होणारी इजा सगळ्या सुरांवर सारखी पसरत नाही. ती आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात बसते, बहुतेकदा ४००० च्या आसपास. बोलण्यातले स्वर त्याच्या पुष्कळ खाली असतात, ते शाबूत राहतात. पण स, श, त, थ यांची धार वर असते, ती बोथट होते. मग माणूस बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते नीट कळत नाही. स्वयंपाकघरात कुकर आणि एक्झॉस्ट चालू असताना पाठमोऱ्या बाईने ‘सातला’ म्हटलं, तर अशा कानात त्यातला ‘आ’ तेवढा स्पष्ट पोचतो. पुढचं तुम्ही आपल्या मनाने भरलंत आणि आठ झाले. तुमचं डोकं बँडमध्ये होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण तुमच्या कानात ‘स’ पोचला होता का, हे विचारायला हवं.

मित्राशी होणाऱ्या भांडणाचंही मूळ इथेच दिसतं. बेसची सर्वात खालची तार, मोकळी ई, ४१ हर्ट्झवर वाजते. इतक्या खालच्या सुराला माणसाचा कान मुळातच मंद. तार ओळखू येते ती वरच्या सुरांनी, बोट तारेला लागतं त्या टणत्काराने. तुमचा तोच पट्टा बोथट झाला असेल, तर तुम्हाला स्वतःचं वाजवणं गुळगुळीत, हरवल्यासारखं वाटणार. त्यात अ‍ॅम्प बहुधा जमिनीवर, तुमच्या पायाशी. खालचे सूर चहूकडे पसरतात, वरचे मात्र सरळ रेषेत जातात, म्हणजे तुमच्या पोटऱ्यांवर आदळतात. तुम्हाला नुसती घरघर मिळते, म्हणून तुम्ही नॉब वर नेता. समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मित्राला सगळा बेस अंगावर येतो. तो खोटं बोलत नाही. तुम्हीही बोलत नाही.

आणि तुम्ही तीनशे वॅटचा अ‍ॅम्प बघून ठेवलाय! शंभराचे दोनशे वॅट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. तिप्पट पैसे आणि तिप्पट वॅट ओतून तुम्हाला मिळेल जेमतेम ५ डेसिबल, आणि वरच्या हिशोबाने गाळ्यात उभं राहायचा सुरक्षित वेळ निम्म्याहून खाली येईल. तो अ‍ॅम्प घेऊ नका. जो आहे तो खुर्चीवर ठेवा, मागे थोडा कलता करून, म्हणजे स्पीकरचं तोंड कानाकडे येईल. बेसचा नॉब उतरवा, मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, चढवा. एकट्याने वाजवताना हा आवाज कोरडा, नाकातला वाटेल. बँडमध्ये तोच ऐकू येतो. गाळ्याच्या भिंतींना जुन्या गाद्या, गोधड्या टांगा. खालचे सूर त्यांनी अडत नाहीत, झांजांचा चटका मात्र कमी होतो. हे सगळं दहा मिनिटांत होणारं आहे, आणि हे दुय्यम आहे.

पहिलं काम एकच. या शनिवारी सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. शनिवार अशासाठी, की ही चाचणी गोंगाटानंतर लगेच करायची नसते; कान आधी रात्रभर तरी शांत हवा. तुमच्या गावात सोय होईल. नाही झाली तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, कान आणि वाचा हेच तिचं काम. एका छोट्या, आवाज न येणाऱ्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आधी स्पष्ट टूं ऐकू येतो, मग पुसट होत जातो. शेवटी शेवटी खरंच वाजला की भास झाला, असा प्रश्न पडतो. तिथे अंदाजाने बटण दाबू नका. हातात आलेख मिळेल: उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. लाल रेघ ४००० जवळ खड्ड्यात उतरली आहे का ते बघा. कदाचित कानातला मळच निघेल आणि आपण दोघं सुटकेचा श्वास घेऊ. पण ते डॉक्टर सांगतील, तुम्ही नाही.

बायकोला सोबत न्या. ‘कसं समजावू’ विचारलंत ना? समजावू नका, आलेख त्यांच्या हातात द्या. आणि घरी परतल्यावर ‘म्हणजे चूक माझी नव्हतीच’ असं म्हणायचं नाही.

बँड सोडायचा नाही. हे मी मनापासून सांगते आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी आठवडाभर चार तासांची वाट बघत असेल तर ती चैन नव्हे, ते माणसाचं धडधाकट राहणं आहे. जुनी हिंदी गाणी म्हणजे आर. डी. बर्मन आलेच, आणि त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार. गाणं उभं राहतं ते त्या खालच्या सुरांवर. तुम्ही सत्तरीतही ते वाजवावेत असं मला वाटतं. त्यासाठी कान लागतील.

म्हणून वादकांसाठीचे इअरप्लग घ्या. कापसाचा बोळा नको, ढोल-ताशा पथकातली मुलं घालतात तो. त्याने जवळपास काहीच अडत नाही. कारखान्यात मिळणारे फोमचे प्लग कान वाचवतात, पण वरचे सूर जास्त कापतात, सगळं उशीखालून ऐकल्यासारखं होतं, आणि वादक ते काढून ठेवतो. वादकांचे प्लग सगळ्या सुरांचा आवाज साधारण सारखाच खाली आणतात, पंधरा-वीस डेसिबलने. तयार मापाचे एक-दोन हजारांत मिळतात, तुमच्या कानाच्या साच्याचेही करून घेता येतात. पहिले दोन-तीन रविवार अडचण वाटेल, मग बोटांचा आवाज उलट जास्त स्वच्छ ऐकू येईल. बाकी चौघांनाही घ्यायला लावा. ड्रमरला आधी.

प्लग लावलेला वादक घाबरट दिसतो, असं तुमच्या बँडमध्ये कुणी म्हणालंच तर त्याला कॅथी पेकचं सांगा. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द कॉन्ट्रॅक्शन्स’ या पंक बँडमध्ये बेस वाजवायची. एका मोठ्या कार्यक्रमानंतर तिचे कान वाजायला लागले आणि ऐकणं बिघडलं. १९८८ मध्ये तिने एका डॉक्टरसोबत वादकांचे कान वाचवण्यासाठी ‘हिअर’ ही संस्था काढली. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाऊनशेंड याने संस्थेला पैशाची मदत केली, कारण त्याचेही कान गेले होते. आपल्याकडे अलका याज्ञिक यांनी २०२४ मध्ये आपलं ऐकणं गेल्याचं सांगितलं. त्यांच्या दुखण्याचं कारण विषाणू होता, पण त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि सहकाऱ्यांना फार मोठ्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपायला सांगितलं.

या रविवारी प्लग हातात नसतील तर प्रॅक्टिसला जायचं नाही. मित्राला फोन करून कारण खरं सांगा, ‘काम आहे’ म्हणू नका. आणि शनिवारच्या आधी एखाद्या सकाळी उजवा कान अचानक बंद पडल्यासारखा वाटला, तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

रिपोर्ट आला की मला कळवा. मित्राचं काय करायचं ते तेव्हा बोलू.