समुद्रातील जिवाणूंचा विषाणू आणि माणसाचा अडेनोव्हायरस यांची कवचे सारखी कशी?

आपला प्रश्न असा आहे की, समुद्री जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूच्या कवचातील प्रथिन माणसाच्या अडेनोव्हायरसमधील (सर्दी-खोकल्यासारखे आजार करणाऱ्या विषाणूमधील) प्रथिनासारखे असते असे वाचनात आले, ते खरे आहे का, आणि खरे असेल तर दोघांच्या जनुकांत साम्य का सापडत नाही. होय, ते खरे आहे. प्रथिनांच्या त्रिमितीय रचना शिकवताना मी अनेक उदाहरणे वापरली, पण या जोडीइतके बोलके उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

तो विषाणू म्हणजे पीएम२. चिलीच्या किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्यातून तो वेगळा केला गेला आणि १९६८ मध्ये एस्पेहो व कानेलो या संशोधकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मेदाचा पापुद्रा असलेला जिवाणूभक्षक विषाणू तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हता. ज्या स्यूडोआल्टेरोमोनास जिवाणूवर तो वाढतो, त्याच्या प्रजातीला पुढे एस्पेहो यांचेच नाव देण्यात आले. डीएनएची टोके कातरण्यासाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे ‘बाल-३१’ हे विकर याच जिवाणूपासून मिळते, त्यामुळे पीएम२चे नावही न ऐकलेल्या अनेकांनी त्याच्या यजमानाचा उपयोग करून घेतलेला असतो.

इन्फ्लुएंझा किंवा करोना विषाणूंमध्ये मेदाचा पापुद्रा सर्वांत बाहेर असतो. पीएम२मध्ये तो प्रथिनांच्या कवचाच्या आत असतो आणि त्याच्याही आत १०,०७९ बेस-जोड्यांचे (डीएनएच्या शिडीतील पायऱ्यांचे), पीळ भरलेले वर्तुळाकार डीएनए असते. बाहेरचे कवच वीस त्रिकोणी पृष्ठांचे असून त्याच्या बारा कोपऱ्यांवर पी१ या प्रथिनाचे पाच-पाच रेणू एकत्र येऊन काटा तयार करतात. यजमान जिवाणूला ओळखण्याचे काम या काट्यांचे. उरलेले सगळे कवच पी२ या एकाच प्रथिनाच्या ६०० प्रतींचे बनलेले असते. त्यांना बांधून ठेवण्यात कॅल्शियमचा वाटा मोठा आहे: प्रयोगात कॅल्शियम काढून घेतले की पी१ आणि पी२ सुटून बाजूला होतात आणि पापुद्र्यात गुंडाळलेला गाभा तेवढा शिल्लक राहतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या पी२मध्ये आहे. त्याची साखळी अवघ्या २६९ अमिनो आम्लांची आहे, आणि तिच्या घड्या पडून एकाला एक लागून दोन पिंपे तयार होतात. प्रत्येक पिंपात बीटा पट्ट्यांचे (साखळीच्या ताणलेल्या, शेजारी-शेजारी बसणाऱ्या भागांचे) दोन थर समोरासमोर असतात व साखळी त्यांच्याभोवती गुंडाळत जाते. या घडीला ‘जेली रोल’ म्हणतात. आपण सुरळीची वडी डोळ्यांपुढे आणली तरी कल्पना येईल. दोन्ही पिंपे कवचाच्या पृष्ठभागावर उभी असतात. असे तीन रेणू एकत्र आले की सहा पिंपांचे एक कडे होते, आणि वरून पाहिले तर ते जवळजवळ षटकोनी दिसते. म्हणजे तीन रेणूंचा गट असूनही तो षटकोनी फरशीसारखा शेजाऱ्यांशी नीट बसतो. अशा २०० फरश्यांनी पीएम२चे कवच भरलेले आहे.

अडेनोव्हायरसच्या कवचात हेच काम हेक्सॉन हे प्रथिन करते. त्याची साखळी नऊशेहून अधिक अमिनो आम्लांची, तिचा क्रम पी२शी जराही न जुळणारा. तरीही तेथे तीच दोन उभी पिंपे, तीन रेणूंचा तोच षटकोनी गट, आणि असे २४० गट आढळतात. विद्यार्थ्यांसमोर संगणकाच्या पडद्यावर मी हे दोन्ही सांगाडे एकमेकांवर ठेवतो, तेव्हा पिंपे पिंपांवर बसतात आणि हेक्सॉनची जादा लांबी पिंपांच्या डोक्यावरून बाहेर आलेल्या मोठमोठ्या वळणांमध्ये दिसते. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार प्रिय आहे.

हे साम्य योगायोगाने आले असेल का? कवच बांधण्याच्या गरजेतून अशी घडी दोनदा स्वतंत्रपणे घडू शकते, ही शंका रास्तच आहे. परंतु घडी, पिंपांची उभी ठेवण, तीनचा गट आणि त्यांची मांडणी या सगळ्या गोष्टी एकत्र जुळत असल्याने समान पूर्वजाचा अर्थच मला अधिक पटतो. अमिनो आम्ले एकेक करून बदलत गेली तरी घडी मोडणारा बदल विषाणूला परवडत नाही. म्हणून क्रमातील साम्य पुसले जाते आणि आकार टिकतो. हा विचार हेलसिंकीचे विषाणूशास्त्रज्ञ डेनिस बॅमफोर्ड यांनी आग्रहाने मांडला. संपूर्ण पीएम२ची क्ष-किरणांनी काढलेली सुमारे ७ आंग्स्ट्रॉम (एक आंग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) स्पष्टतेची रचना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याला मोठे बळ मिळाले. आज अधिकृत वर्गीकरणातही हे दोन्ही विषाणू व्हॅरिड्नाव्हिरिया या एकाच महागटात आहेत.

समुद्रातून वेगळे केलेले बहुतेक जिवाणूभक्षक मात्र शेपटीवाले असतात आणि त्यांच्या कवचाची घडी निराळी असते. तथापि २०१८ मध्ये व्हिब्रिओ जिवाणूंचे शेपटी नसलेले, याच दुहेरी पिंपांच्या घराण्यातले विषाणू वर्णिले गेले. त्यांचा प्रत्येक विषाणू सरासरी ३४ वेगवेगळ्या यजमान वाणांना मारत होता, तर शेपटीवाल्यांची सरासरी दोनाची होती. इतके प्रभावी विषाणू नजरेतून सुटण्याचे कारण आपल्या कार्यपद्धतीत होते: त्यांच्या डीएनएला प्रथिने चिकटलेली असल्यामुळे, ती आधी पचवून काढली नाहीत तर नेहमीच्या पद्धतीने डीएनए हातीच लागत नाही.

आपल्याला स्वतः पाहायचे असेल, तर जागतिक प्रथिन संचयात (प्रोटीन डेटा बँक) पी२ आणि हेक्सॉन या दोन्हींच्या रचना विनामूल्य उपलब्ध आहेत. आधी तीन रेणूंचा गट वरून पाहावा आणि षटकोन ओळखावा, मग तो आडवा करून एकाच साखळीतली दोन पिंपे वेगवेगळ्या रंगांत रंगवावीत. हेक्सॉनमधली पिंपे त्यानंतर शोधावी लागणार नाहीत.