नुसती लिंक पाठवू नकोस

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. फोटोवर काम करायची मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे डार्कटेबल, रॉथेरपी, आर्ट, डिजिकॅम, गिंप, ह्युगिन, एक्झिफटूल, आणि त्याखाली प्रीसेट पॅकच्या लिंकांची लांबलचक रांग. नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी मांडून वाटायचं तुझ्या मनात आहे. कल्पना चांगलीच आहे. फक्त अशी यादी हातात पडलेल्या नवख्याचं पुढे काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलंय. तो सगळी सॉफ्टवेअर एकाच बैठकीत उतरवून घेतो, प्रत्येकात तोच एक फोटो उघडून बघतो आणि चार दिवसांत कॅमेऱ्याने स्वतःच बनवून दिलेल्या जेपेगवर परत येतो. यादी पोचली, काम मात्र पोचलं नाही.

म्हणून रॉ प्रोसेसिंगसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलीवरून फोटो घडवण्यासाठी, एकच नाव दे. बाकीची शेवटी, बारीक अक्षरात. ज्याच्याकडे फोटोंचा ढीग आहे आणि निवडीपासून एक्सपोर्टपर्यंत सगळं एका छताखाली हवंय, त्याला डार्कटेबल. ज्याला एकेका फोटोवर बसायचंय आणि मॉड्यूलांचा, म्हणजे एकेक बदल करणाऱ्या हत्यारांचा, पसारा बघून धडकी भरते, त्याला रॉथेरपी. आर्ट हे रॉथेरपीतूनच फुटलेलं, थोडं आटोपशीर भावंड, तेही चालेल. गिंप या रांगेत बसतच नाही. रॉ उलगडून झाल्यावरच्या कामासाठी ते आहे आणि तुझ्या यादीत ते पहिल्या ओळीत का आहे, हे मला कळलेलं नाही.

‘मोफत’ या एकाच मथळ्याखाली तू सगळं कोंबलं आहेस, तेही थोडं वेगळं कर. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण साधारणपणे आपापल्याच कॅमेऱ्याच्या रॉ फाइल उघडतात. रॉ फाइल डीएनजी या प्रकारात बदलून देणारा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, पण त्याचा कोड बंद आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी जीपीएल परवान्याखाली आहेत, म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. याने प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बघ. डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने 1997 मध्ये डीसीरॉ नावाचा, रॉ फाइल उघडणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपन्या आपल्या रॉ फाइलची रचना सांगत नव्हत्या. त्याने एकेका कॅमेऱ्याची फाइल उकलली आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. रॉ वाचण्याचं काम इतर सॉफ्टवेअरना करून देणारं आजचं लिबरॉ त्याच कोडवर उभं राहिलं आणि कितीतरी सॉफ्टवेअर लिबरॉवर चालतात. रॉथेरपीची सुरुवात 2004 ची, गाबोर होर्वाथ या एकट्या माणसाची. 2010 च्या जानेवारीत त्याने ते जीपीएलखाली खुलं केलं आणि इतरांचे हात लागले. या दोघांनी जे वाटून दिलं ते दुसऱ्याला उघडून त्यावर पुढचं काम करता येईल असं होतं. तू काय वाटायचं, ते याच मापाने ठरव.

आता प्रीसेटांकडे येतो, कारण खरी गडबड तिथेच आहे.

प्रीसेट म्हणजे कुणीतरी एका फोटोसाठी घेतलेल्या निर्णयांची मोळी. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात, दीड स्टॉप अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा काळोखा, काढलेल्या फोटोचा प्रीसेट दुपारच्या फोटोवर टाकलास तर चेहऱ्यांचा रंग बिघडणार आणि आकाश फुटणार. शिकणारा म्हणतो, माझाच फोटो वाईट. डार्कटेबलमध्ये स्टाइल, म्हणजे अनेक मॉड्यूलांची अशी मोळी, बनवताना एक खिडकी उघडते. त्यात तू वापरलेल्या प्रत्येक मॉड्यूलसमोर टिकची चौकट असते. बहुतेक जण तिच्याकडे न बघता सेव्ह दाबतात. तू बघ. व्हाइट बॅलन्सची टिक काढ, एक्सपोजरची काढ, क्रॉपची काढ, लेन्स करेक्शनची काढ, आणि हाताने काढलेला मास्क (बदल फोटोच्या कुठल्या भागावर करायचा ती आखणी) ज्याला लागलाय ते मॉड्यूलही काढ. उरेल ते थोडंसंच असेल, पण दुसऱ्याच्या फोटोवर चालण्यासारखं तेवढंच होतं.

याहून चांगली वस्तू तुझ्याकडे आहे आणि यादीत तिचा पत्ताच नाही: तुझी स्वतःची रॉ फाइल, तिच्या साइडकारसकट. ही सॉफ्टवेअर मूळ रॉला हात लावत नाहीत. केलेले सगळे बदल शेजारच्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतात. डार्कटेबलची एक्सएमपी, रॉथेरपीची पीपी3. पीपी3 एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघ. चौकटी कंसात एक्सपोजर, त्याखाली कॉम्पेन्सेशन बरोबर अमुक; पुढे व्हाइट बॅलन्स, टेम्परेचर बरोबर तमुक. सगळं डोळ्यांनी वाचता येतं. शिकणाऱ्याला ही फाइल आणि रॉ एकत्र दिलीस तर तो तुझी एकेक पायरी मागे घेऊन बघू शकतो, एखादी बंद करून काय बिघडतं ते तपासू शकतो आणि तुझ्याहून वेगळं काही करू शकतो. 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला 16384 पातळ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. सावलीतून तपशील वर काढण्याचा सराव जेपेगवर होत नाही तो यामुळेच. तयार जेपेग फक्त शेवटी कुठे पोचायचं ते दाखवायला सोबत ठेव.

सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी हवीच. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिही, कारण नव्या आवृत्तीत केलेलं काम जुनीला नीट वाचता येत नाही. कोणती पायरी का घेतलीस, ते दोन-दोन ओळींत. आणि डार्कटेबलच्या बाबतीत अगदी वर एक गोष्ट लिही, जी कुणी सांगत नाही आणि जिच्यापायी निम्मे लोक ते सोडून देतात. लाइटटेबलमध्ये, म्हणजे फोटो निवडायच्या पडद्यावर, फोटो झकास दिसतो, डार्करूममध्ये, म्हणजे काम करायच्या पडद्यावर, उघडला की फिका पडतो. सॉफ्टवेअरने काही बिघडवलेलं नसतं. आधी दिसत होतं ते कॅमेऱ्याने रॉच्या पोटात ठेवलेलं जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याचं मत; नंतर दिसतं ते रॉवरून नव्याने काढलेलं चित्र, ज्यावर कॅमेऱ्याचं मत पडलेलं नाही. रॉथेरपी त्या पोटातल्या जेपेगशी जुळणारा टोन कर्व्ह, म्हणजे उजळ-काळोख्या भागांचा समतोल, स्वतःच लावून देतं, म्हणून तिथे हा धक्का कमी बसतो.

परवान्याचं लांबण लावत नाही. तुझ्या रॉ फाइलींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लाव आणि तो फोल्डरमध्येच लिहून ठेव. नाव दिलेलं हवं असेल तर सीसी बाय, काहीच अट नको असेल तर सीसी झिरो. एनडी म्हणजे बदल करून पुढे देण्यास मनाई असलेला प्रकार मात्र नको. सरावाची फाइल द्यायची आणि केलेला सराव कुणाला दाखवू नकोस म्हणायचं, याला काही अर्थ नाही. ज्यात माणसं ओळखू येतात ते फोटो त्यांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. रॉमध्ये फोटो कुठे काढला त्याची जीपीएसची नोंद असू शकते, कित्येकदा कॅमेऱ्याचा सीरियल नंबरही. एक्झिफटूलने जीपीएस काढून टाक, पण प्रतीवर, आणि तेवढंच. सगळा मेटाडेटा, म्हणजे फाइलीत चित्रासोबत नोंदलेली माहिती, पुसण्याची आज्ञा रॉवर चालवलीस तर रंग उलगडायला लागणारी माहितीही जाऊ शकते आणि मग फाइल नीट उघडेलच असं नाही.

आणखी एक काम सांगतो, जे फारसं कुणी करत नाही. नवा कॅमेरा आला की खुल्या सॉफ्टवेअरला त्याची रॉ लगेच ओळखता येतेच असं नाही. आधी कुणीतरी नमुना द्यावा लागतो. पिक्सल्स डॉट यूएस या समुदायाने अशा नमुन्यांचा संग्रह सीसी झिरोखाली उभा केलाय. तुझा कॅमेरा किंवा त्याचा एखादा रॉ प्रकार तिथे नसेल, तर कार्डावरून थेट उतरवलेली, हात न लावलेली फाइल तिथे दे. लेन्सच्या वाकड्या रेषा सरळ करणारं लेन्सफन हेही असंच लोकांनी दिलेल्या मोजमापांवर उभं आहे. तुझी लेन्स त्यात आहे का बघ.

तुझ्या यादीतल्या तीन लिंका मी खोडल्यात. त्या पैशाने विकल्या जाणाऱ्या प्रीसेटांच्या चोरलेल्या प्रती आहेत. त्या वाटायच्या असतील तर मला त्यात धरू नकोस. सॉफ्टवेअरसाठीही फक्त त्या त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटची लिंक ठेव. भलत्या ठिकाणच्या इन्स्टॉलरबरोबर काय काय आत येतं, ते निस्तरायला पुन्हा तुलाच फोन येतील.

पाच फाइल निवड. वेगवेगळ्या अडचणीच्या असू देत: एक उजेडाविरुद्धची, एक नॉइज भरलेली, एक मिश्र उजेडातली, एक ज्यात हायलाइट उडालेत, आणि एक अगदी साधी, जिला फारसं काही करावंच लागत नाही. फोल्डर तयार झालं की मला पाठव. माझ्याकडे डार्कटेबलची तुझ्याहून जुनी आवृत्ती आहे. तिच्यात काय उघडतं आणि काय अडतं ते बघून कळवतो, मग बाकीच्यांना दे.

तुझा,
दादा