तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाचं शिकवण्यावर भागतं का, की बाकीचे उद्योग करावे लागतात?

भागत नाही. एवढंच हवं असेल तर पुढं वाचू नका.

पण 'बाकीचे उद्योग' हे शब्द झोंबले. आमचे थोरले बंधू हेच म्हणतात, तोंड वाकडं करून.

सांगलीत मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. (दुसरं कुठलंच तत्त्व इतकं अंगाला लागलं नाही.) उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. तेव्हा मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे हिशोब, लिहायच्या, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बुद्धिमत्ता चाचणी. आणि रविवारी मिरज.

मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी नुसता बसायचो. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, सगळं बघत. एकदा ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारांचा आवाज भरून यावा म्हणून घोडी घासत होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, ऐकायचं, परत कानस. दोन तासांनी म्हणाले, "सर, गंधार ऐकू येतोय का?" मला काही येईना. गंधार म्हणजे 'ग', आणि चार तारांत गंधाराला लावलेली एकही तार नसते. त्यांनी पुन्हा दोरा हलवला आणि खर्जातून, सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून, तो उमटला. अंगावर काटा आला.

पुढच्या आठवड्यात तोच तंबोरा उसना घेऊन वर्गात गेलो. आपल्या जुन्या दर्शनांतला वाद आहे: न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण आणि अनित्य; मीमांसक म्हणतात, शब्द नित्य, आपण तो फक्त प्रकट करतो. पोरांना विचारलं, हा गंधार आत्ता निर्माण झाला की होताच? वर्गात चौघं असायची, त्या दिवशी खिडकीत शेजारचा कॉमर्सचा वर्ग उभा. तासानंतर वरून चिठ्ठी आली: अभ्यासक्रमाबाहेरचं काही करू नये.

बंधूंना सांगितलं तर म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. एक काहीतरी धर." अहो, स्पिनोझा, एवढा मोठा डच तत्त्वज्ञ, भिंगं घासायचा! 1673 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाची प्राध्यापकी चालून आली, ती नाकारली त्यानं. त्याला कुणी 'एक काहीतरी धर' म्हणालं असेल का? मी पट्ट्या लिहिल्या म्हणून माझं तर्कशास्त्र बाटलं नाही. उलट अडत, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते रोज लिहिल्यावर न्याय म्हणजे काय हे शिकवताना पुस्तक उघडावं लागलं नाही.

तेव्हा घ्या तत्त्वज्ञान. सेट-नेट, या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, आधी काढा, त्याशिवाय दारात कुणी उभं करत नाही. आणि हातात एक कसब ठेवा.

हो, एक राहिलं. आमच्या हिचा झेडपीच्या शाळेतला पगार दर महिन्याला येत होता. तो नसता तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं.

परवा बंधूंचा फोन होता. त्यांच्या धाकट्या मुलाला यूपीएससीला तत्त्वज्ञान ऑप्शनल घ्यायचंय, माझ्या नोट्स आहेत का म्हणून. म्हटलं, रविवारी पाठवा त्याला. मिरजेला.