गॅसविहिरीचं पाणी शेतात घेतलं, आता संमतीपत्रावर सही करू का?

प्रश्न: आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. वडील कोळसा खाणीत नोकरीला होते, ते मध्य प्रदेशात शहडोल जिल्ह्यात स्थायिक झाले आणि तिथे चार एकर जमीन घेतली. जवळच कोळशाच्या थरातला मिथेन काढणाऱ्या विहिरी आहेत. ठेकेदार तिथलं पाणी टँकरने फुकट देतो म्हणून दोन रब्बी हंगाम गव्हाला दिलं. यंदा मसूर नीट उगवलाच नाही, जमिनीवर पांढरा थर दिसतो. आता तो कागदावर सही मागतोय : 'पाणी स्वखुशीने घेतले, नुकसानीची तक्रार करणार नाही.' सही केली नाही तर पाणी बंद म्हणतो. काय करू?

उत्तर: नमस्कार. सही करू नका, आणि आजपासून टँकरही शेतात उतरवू देऊ नका. त्यातही टँकर थांबवणं जास्त तातडीचं आहे.

आधी कागदाचं बघू. दाद मागण्याचा रस्ताच बंद करणारा करार भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 28 प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणजे सही झाली तरी तुमचा हक्क बुडत नाही. पण 'यांना सगळं माहीत होतं' हे दाखवायला तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. तो पुरावा आपल्या हाताने कशाला द्यायचा?

टँकर थांबवायला सांगतो त्याचं कारण जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 1974 चं कलम 24. प्रदूषित पाणी जाणूनबुजून विहिरीत, ओढ्यात किंवा जमिनीवर सोडणं जसं त्यात मना आहे, तसंच ते सोडू देणंही. आजवर तुम्हाला कल्पना नव्हती. पांढरा थर दिसल्यावरही पाणी घेत राहिलात, तर तुमच्याकडेही बोट दाखवता येईल.

हे पाणी मुळात वाईटच, असं मी म्हणणार नाही. प्रक्रिया करून ते सिंचनाला देण्याची परवानगी असू शकते, आणि ती कोणत्या अटींवर दिली आहे यावरच तुमचा दावा उभा राहील. जल कायद्याच्या कलम 25 प्रमाणे राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ त्या अटींची नोंदवही ठेवतं आणि बाधित माणसाला ती पाहण्याचा हक्क आहे. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय शहडोललाच आहे. तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मंडळाने दिलेल्या त्या परवानगीची प्रतही माहिती अधिकारात मागा.

आता पाण्याबद्दल. मिथेन सुटावा म्हणून कोळशाच्या थरातलं पाणी उपसून आधी दाब कमी करतात. त्या पाण्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट असतं. चिकण मातीत सोडियम साचला की पाणी मुरत नाही, वर खपली धरते आणि कोंब बाहेर येत नाही. तुमच्या मसुराचं वर्णन वाचून मला हीच शंका येते. पर्यावरण (संरक्षण) नियमांत तेल व वायू उत्खननाच्या सांडपाण्यासाठी विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 2100 मिलिग्रॅम आहे आणि सोडियमची 60 टक्के. ठेकेदार तुम्हाला क्षारांचा एकच आकडा दाखवील. तो मर्यादेत असला तरी जमीन बिघडू शकते, म्हणून तपासणीत एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट) हेसुद्धा मागा. आरएससी लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेली तर पाणी सिंचनाला अयोग्य धरतात.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या) भोपाळ खंडपीठाकडे त्याच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली अर्ज करायचा. पीक आणि जमीन, दोन्हींचं नुकसान त्यात मागता येतं. मुदत पाच वर्षांची आहे. दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून ती मोजतात, म्हणून पहिला टँकर कधी आला ते आजच लिहून ठेवा. शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान 1000 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, कलम 17 मध्ये दोष नसतानाही जबाबदारी येते. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी आणि जमिनी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली हेच तत्त्व लावलं : काळजी घेतली होती, हा बचाव चालत नाही.

टँकरच्या पावत्या, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप संदेश, दोन वर्षांचा खसरा-गिरदावरी (पीकपाहणीचा) उतारा एकत्र करा. जल कायद्याखाली खटला चालवायचा तर कलम 21 ची पद्धत पाळून घेतलेलाच नमुना चालतो, म्हणून मंडळाला नमुना घ्यायला लेखी कळवा. न्यायाधिकरणाला मात्र पुरावा कायद्याचं बंधन नाही, तिथे तुमचा नमुनाही उपयोगी पडेल. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही तपासून घ्या. बिघाड तिथवर गेला असेल तर अर्ज दोघांनी मिळून करा.

मातीचे नमुने घेताना पटवारी आणि दोन पंच हजर ठेवा. टँकरचं पाणी दिलेल्या वावरातून घ्या, तसेच कधीच न दिलेल्या वावरातूनही, दोन्हीकडे सारख्याच खोलीवरून. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवा. जमीन सुधारायला जिप्सम टाका असं कुणीही सांगेल, आणि सल्ला बरोबरच असेल, पण हे नमुने सीलबंद होईपर्यंत जिप्समचं पोतं फोडू नका.