नऊ ठिकाणं, दोन पोरं आणि एक शनिवार-रविवार

पत्र : ताई, आमचा मोठा तीन वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. लग्न झाल्यापासून जे शहर बघायचं म्हणतोय, तिथे एकदाचा शनिवार-रविवार काढायचं ठरलंय. नवऱ्याने दोन दिवसांत नऊ ठिकाणं अशी तासावार यादी केली आहे. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोरांना काय आठवणार? उगाच त्यांचे हाल.’ मला जायचंय, पण यादी बघितली की पोटात गोळा येतो. काही बोलले की नवरा म्हणतो, ‘तुला उत्साहच नाही.’ जावं की रद्द करावं? – कात्रीत सापडलेली

अगं, रद्द कशाला? जा की!

सासूबाईंशी वाद घालू नकोस, कारण एका बाबतीत त्यांचं खरं आहे. तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा कुणाला आठवत नाही. धाकटीला या सहलीतलं काहीही लक्षात राहणार नाही. मग सरळ मान्य करा की ही सहल तुम्हा दोघांची आहे आणि मुलं बरोबर येतायत. तसं केलं की ‘मुलांसाठी’ म्हणून केलेली अर्धी यादी आपोआप गळते. (इनडोअर प्ले एरियासाठी दुसऱ्या शहरात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.) मुलांना आपोआप उघडणारं दार मिळालं तरी पुरतं. तुझा तीन वर्षांचा त्या दारातून आत-बाहेर, आत-बाहेर करत राहील, मागे लोक खोळंबतील, आणि यादीतली साडेदहाची वेळ तिथेच टळेल.

म्हणून सकाळी एक ठिकाण आणि संध्याकाळी एक, बस्स. सकाळचं ठिकाण उघडतं त्याच वेळेला दारात हजर राहा. गर्दी नसते आणि मुलंही ताजी असतात. दुपार मात्र झोपेची. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना 10 ते 13 तास. धाकटीची दुपारची झोप बुडाली की संध्याकाळी तिची जी किरकिर सुरू होईल, ती कुठल्याही स्मारकापुढे थांबायची नाही.

आता यादीत न दिसणारी गोची सांगते. बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनला ताब्यात मिळते आणि निघायच्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. म्हणजे शनिवारी सकाळी पोचलात तर दोन्ही दिवशी नेमक्या झोपेच्या वेळी तुम्ही बॅगा घेऊन लॉबीत. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच पोचा. शनिवारची झोप खोलीत होईल, रविवारची परतीच्या वाटेवर.

खोली आलिशान नसली तरी चालेल, पण मध्यवस्तीत हवी. कुणी भोकाड पसरलं तर पंधरा मिनिटांत परत येता आलं पाहिजे. शक्यतो आत वेगळी झोपायची जागा असेल अशी बघा. नाहीतर आठ वाजता मुलं झोपली की तुम्ही दोघं अंधारात कुजबुजत बसाल. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी एक फेरी मार. किटलीची लोंबती वायर, पडद्याची दोरी, प्लगचे सॉकेट आणि बाल्कनीत कठड्याला टेकवलेली खुर्ची. ती खुर्ची आधी आत घे.

‘मोठा चालेल की!’ असं नवरा म्हणेल. चालेल, पण वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याशी थांबेल. त्याच्यासाठी घडी होणारी हलकी बाबागाडी घ्या, धाकटीला अंगाशी बांधायच्या कॅरिअरमध्ये. सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही, म्हणून लिफ्ट कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. सकाळी निघताना दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढ आणि मनगटावर तुमचा फोन नंबर लिही. गर्दीत मूल दिसेनासं झालं की अंगात कुठला शर्ट होता तेही आठवत नाही.

राहिला नवरा. ‘उत्साह नाही’ या शब्दांवर भांडू नकोस. त्याला अजून मुलांच्या आधीची सहल दिसतेय आणि तुला डायपरची पिशवी. मला वाटतं, ती पिशवी कोण भरतं इथेच सगळं अडलंय. या वेळी ती त्याला भरू दे, वाइप्स आणि जादा कपड्यांसकट. काही राहिलं तर तिथे विकत मिळेल, तू मागून हळूच टाकू नकोस. त्याला म्हण, ‘मला जायचंय म्हणूनच यादी छाटतेय. जी दोन ठिकाणं निवांत बघावीशी वाटतात, ती वाटून घेऊ.’ शनिवारी मुलं झोपली की एकाने खोलीत थांबायचं, दुसऱ्याने एकट्याने बाहेर पडायचं. पहिली पाळी तू घे. रविवारी मुलं पहाटे सहाला उठतीलच. तेव्हा त्यांना तू सांभाळ आणि तो एकटा शहरात भटकून येईल. रिकाम्या रस्त्यांवर फोटोही चांगले येतात, हे त्याला सांगायला विसरू नकोस.

शुक्रवारची खोली मिळते का ते आजच फोन करून विचार. मिळाली नाही, तर शहर तेच ठेवा आणि तारीख पुढे ढकला.