वजन नंतर, आधी जमीन बघा

प्रश्न : आम्ही दोघे मित्र डिसेंबरात रतनगड–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा रेंज ट्रेक करणार आहोत. सध्याचा डोम टेंट पावणेतीन किलोचा आहे. त्याऐवजी ३×३ मीटरची टार्प (दोऱ्यांनी ताणून बांधायचं उघडं कापडी छप्पर) घ्यावी, की ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा एकपदरी टेंट?

उत्तर : टार्प घ्या. डिसेंबरात तिथे पाऊस क्वचितच, त्रास होतो तो दवाचा, वाऱ्याचा आणि कातळाचा. एकपदरी बंद टेंटमध्ये दोघांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड कापडावर जमते. पहाटे आतून थेंब ओघळतात आणि कापडाला टेकलेली स्लीपिंग बॅग पायाकडे ओली होते. टेंट गळतो म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात, पण ते पाणी आपलंच असतं. टार्पच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळते, त्यामुळे हा प्रकार बराच कमी होतो.

वजनाचा हिशेब असा : सिलिकॉन लावलेल्या २० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) कापडाची टार्प साधारण ४५० ग्रॅम, ८ पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) १०० ग्रॅम, दोऱ्या ५० आणि ग्राउंडशीट २००. म्हणजे ८०० ग्रॅममध्ये दोघांची सोय. उघड्यावर किड्यांची धास्ती वाटत असेल तर आत टांगायची मच्छरदाणी घ्या. अडीचशे-तीनशे ग्रॅम वाढतील.

कापड नायलॉनचं नको, पॉलिएस्टरचं घ्या. नायलॉन दमट हवेत सैलावतं. संध्याकाळी ताणून बांधलेल्या टार्पला मध्यरात्री झोळ पडतो आणि ती वाऱ्यावर फडफडत राहते. कापडाचा पन्हा साधारण दीड मीटरचा असतो, त्यामुळे ३ मीटरच्या टार्पला मधोमध शिवण येतेच. सिलिकॉनच्या कापडावर टेप चिकटत नाही. म्हणून पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावा आणि २४ तास वाळू द्या. हे काम घरीच उरका.

आता कातळ. माथ्यावर मातीचा थर चार बोटं असतो, खाली बेसॉल्ट. पेग ठोकत राहिलात तर वाकेल, आत जाणार नाही. दोन दगडांची पद्धत शिका. दोरीच्या टोकाला मोठा फास करून तो नारळाएवढ्या दगडाभोवती टाका. मग त्या दगडाच्या पुढे, टार्पच्या बाजूला, दोरीवरच मोठा जड धोंडा ठेवा. ताण आला की मागचा छोटा दगड पुढच्या धोंड्यावर येऊन अडकतो आणि दोरी सुटत नाही. एकाच धारदार दगडाला दोरी गुंडाळली तर रात्रभराच्या घासण्याने ती तुटते. दगड उचलताना आधी काठीने उलटा करा, खाली विंचू असू शकतो. सकाळी सगळे दगड होते तिथे ठेवा.

पोल एरवी ११५–१२० सेंटिमीटरवर, वारा असेल तर ९० वर, आणि वाऱ्याकडची कड थेट जमिनीला. कड्याच्या काठावर मात्र मुक्काम नको. कोकणातून वर येणारा वारा तिथे टार्प खालून उचलतो. हा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्काम कुठे करू देतात हे वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच ठरवा.

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. ऑक्टोबरअखेर सहकाऱ्यांबरोबर एल्कच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातोय. ते बिनतळाचा टीपी (शंकूच्या आकाराचा) टेंट आणि घडीची चूल नेणार आहेत. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही वेळ येत नाही, पण तिथे परवान्यावर शिकार होते आणि त्या हवेला हा टेंट योग्यच आहे. चिखलाचे बूट घालून आत येता येतं, ओले कपडे वाळतात, उतरत्या भिंतींवरून बर्फ घसरतो. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा टेंट चुलीसह दोघांनाच पुरतो, हे लक्षात ठेवा.

चुलीतलं लाकूड तास-दीड तासात विझतं. त्यामुळे रात्रीची ऊब स्लीपिंग बॅगच देणार. चुलीच्या भरवशावर हलकी बॅग नेऊ नका. चूल पेटती ठेवून झोपू नका आणि हवा खेळण्याची वरची-खालची झडप कधीच पूर्ण बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चिमणीच्या टोकाला ठिणगीजाळी हवीच, नाहीतर पातळ कापडाला भोकं पडतात. मांस टेंटमध्ये ठेवू नका. अस्वलं येतात, निदान शंभर मीटर लांब झाडाला टांगा.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेल्या जुन्या टेंटचं कापड आतून चिकट झालंय, कुबट वास येतो. धुऊन जाईल का?

उत्तर : नाही. दमटपणामुळे आतला पॉलियुरेथेनचा थर विघटित झालाय, तो आता पाणी अडवणार नाही. नवा टेंट पूर्ण वाळवून, सैल सुती पिशवीत, माळ्याऐवजी कपाटात ठेवा.